सोनटक्केकाकांची सरळ रेघ

सोनटक्केकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चक्क डोळा मारला.

निदान मला तरी तसं वाटलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ह्यांची बँकेतली बदली जयपूरला झाली आणि राजा पार्कच्या मागच्या एका गल्लीत आम्ही घर भाड्यानं घेतलं. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि मी दारात उभी होते, डोक्याला रुमाल बांधून, हातात पोळपाट घेऊन. शेजारच्या फाटकात पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. पायजमा, बनियन, मागं बांधलेले हात. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मान जराशी तिरकी केली आणि डावा डोळा मिटला. मिटला तो मिटूनच ठेवला. मी मनात म्हटलं, घ्या, परमुलखात आल्या आल्या हे नशिबी आलं. पोळपाट हातात होता म्हणून जरा धीर होता.

आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं, कारण ते सरळ मराठीतच बोलले. "तुमच्या दाराची चौकट डावीकडं झुकून राहिली. पावसाळ्यात दार लागणार नाही." एवढं सांगून ते आत निघून गेले. ना नाव, ना गाव. ते माझ्याकडं बघतच नव्हते, माझ्या मागच्या चौकटीकडं बघत होते, हे कळल्यावर मला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला. पुढं श्रावणात आमचं दार खरोखरच अडकलं. हे खांद्यानं ढकलून ढकलून थकले.

काका केंद्र सरकारच्या नकाशांच्या खात्यात होते. मूळचे वर्ध्याचे, पण आयुष्य गेलं बारमेर, जैसलमेर, बिकानेरच्या वाळूत, तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून जमिनीचे चढउतार मोजण्यात. दुर्बिणीला उजवा डोळा लावायचा आणि डावा मिटायचा, ही सवय इतकी हाडात मुरली होती की दुर्बीण नसली तरी डावा डोळा आपोआप मिटायचा. काहीही नीट बघायचं झालं की मिटला डोळा. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर असो, मिठाईवाल्यानं तीजेला रचलेला घेवरांचा मनोरा असो. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी डोळा मिटून अंतरपाट पाहिला आणि धरणाऱ्याला खुणेनंच सांगितलं, तुमचं टोक वर घ्या. नवरीच्या मामानं घेतलंही.

आम्ही सातारचे. आम्हाला त्यांचं ते 'करून राहिलो, जाऊन राहिलो' ऐकून सुरुवातीला हसू यायचं. हे तर घरी नक्कल करायचे. पण त्या 'राहिलो'त काकांचं एक वाक्य असं होतं की त्याची नक्कल करायची माझी कधी हिंमत झाली नाही. ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते संक्रांतीला.

जयपुरात संक्रांत म्हणजे पतंग. सगळं गाव गच्चीवर. दुपारी आमचा टीव्ही गेला आणि मी तिळगुळाची वाटी घेऊन, खरं म्हणजे वाटीचं निमित्त करून, काकांकडं गेले. टीव्ही-रेडिओमधलं त्यांना कळतं हे गल्लीला ठाऊक होतं. मी म्हटलं, काका, टीव्ही बिघडला. ते बाजेवर बसले होते, ते हललेसुद्धा नाहीत.

"काय दिसून राहिलं ते सांगा," ते म्हणाले. "काय वाटून राहिलं ते नको."

मी म्हटलं, काहीच दिसत नाही. काहीच नाही म्हणजे काळं की पांढरं? पांढरं. नुसतं पांढरं की मुंग्या? मुंग्या. आवाज? आवाज येतोय, पण खरखर. अचानक गेला की हळूहळू? आता हे मी कशाला बघायला बसले होते! पण आठवून सांगितलं, की चित्र एकदम हललं, जसं कुणी धक्का मारावा, आणि मग गेलं. तेव्हा काका उठले, आमच्या घरात न जाता सरळ गच्चीवर गेले. अँटेनाला कुणाचा तरी कापलेला पतंग अडकला होता आणि मांजा ओढून ओढून पोरांनी अख्खी अँटेना फिरवून ठेवली होती. काकांनी ती जागेवर आणली, डावा डोळा मिटून पाहिली आणि मगच तिळगूळ खाल्ला. टीव्हीला त्यांनी हातही लावला नाही, ह्याचंच मला नवल वाटत राहिलं.

त्यांचा दुसरा नेम म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. भाजी बिघडली तर मीठ आणि तिखट एकदम घालायचं नाही. मीठ घाला, चाखा, मग पुढचं. माझी मुलगी तान्ही असताना दुपारभर रडायची. मी घाबरून पाळणाही बदलला, ग्राइप वॉटरही पाजलं, खिडकीही लावली, आणि ती गप्प झाली. काका म्हणाले, आता कशानं गप्प झाली ते कसं कळणार तुम्हाला? मी म्हटलं, काका, गप्प झाली ना, मला तेवढं पुरे. ते असे बघायला लागले, जणू मी परीक्षेत कॉपी केली होती.

ह्या माणसाचा संसार करणाऱ्या विमलकाकू म्हणजे वेगळंच प्रकरण. अमरावतीच्या. ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज आणि जिभेला हाड नाही. एखाद्याचा शर्ट वाईट असेल तर त्याला तोंडावर सांगायच्या, आणि तो नाराज व्हायच्या आत पाटोडीचा रस्सा वाढायच्या. मुलगा भिलाईला नोकरीला लागलेला, त्यामुळं घरात दोघंच. काकांचे नेम त्या पाळायच्या नाहीत आणि काका त्यांना पाळायला सांगायचेही नाहीत.

त्या दोघांत मी एकच भांडण पाहिलं, आणि ते कम्प्युटरवरून.

कम्प्युटर हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रात असायचा, घरात नव्हे. ह्यांच्या बँकेत तर तो आला तर नोकऱ्या जातील म्हणून फलक लागले होते. काकांनी मात्र तो घरी बांधायला घेतला. दिल्लीला कामानिमित्त जायचे तेव्हा नेहरू प्लेसमधून एकेक भाग आणायचे. कधी पंख्याची डबी, कधी तारांचं भेंडोळं, कधी हिरव्या पाटीवर चिकटवलेले काळे किडे. खोकं मिळालं नाही म्हणून सुताराकडून प्लायवूडचं करून घेतलं. हे सगळं मांडायला जागा लागली, तेव्हा त्यांनी जेवणाचं टेबल घेतलं. तेही काकूंनी चालवून घेतलं. पण एक दिवस काकू भाजी घेऊन परत आल्या तर काकांनी टेबलाच्या मधोमध तारा खाली सोडायला भोक पाडलेलं. टेबल काकूंच्या वडिलांनी दिलेलं, सागवानी.

काकू आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ते केलं नाही. शांतपणे म्हणाल्या, की आजपासून ह्या डब्याकडं मी बघणार नाही. आणि खरोखरच बघितलं नाही. बैठकीतून स्वयंपाकघरात जाताना त्या मान भिंतीकडं वळवून जायच्या, जसं सासरे बसलेले असावेत. जेवणं जमिनीवर सुरू झाली. काकूंचा निग्रह बघून आम्ही हसायचो, पण त्या एकदा बोलल्या की बोलल्या.

काकांना ते यंत्र कशाला हवं होतं, हे मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. वाळवंटात मोजणी करून आणलेले आकडे कचेरीत महिनोन्महिने माणसं बसून बेरजा-वजाबाक्या करतात, मग नकाशावर रेघा उमटतात. तोवर वाऱ्यानं टेकड्या जागा सोडतात. हे यंत्र तेच काम एका बैठकीत करेल आणि रेघा पडद्यावर काढूनही दाखवेल. वरिष्ठांना हे कागदावर लिहून काका थकले होते. अखेर दिल्लीचे मोठे साहेब उन्हाळ्यात जयपूरला येणार आणि काकांचं यंत्र बघणार असं ठरलं. निवृत्ती जवळ आलेली. आयुष्यभर ज्या वाळूत पाय भाजले तिचा नकाशा तरी वेळेवर निघावा, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि त्यासाठी ही एकच संधी होती.

होळीनंतर यंत्र चालू झालं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली तेव्हा काकांनी गल्लीत पेढे वाटले. माझी मुलगी रांगायला लागलेली आणि तारा दिसल्या की ओढायची, म्हणून आम्हा मायलेकींना टेबलाजवळ यायची बंदी होती. आम्ही दारातून पेढे खाल्ले.

मग काकांनी यंत्राची परीक्षा घ्यायची म्हणून पडद्यावर उभ्याआडव्या रेघांची जाळी काढली. मोजणीवाला माणूस, तो परीक्षा रेघांनीच घेणार. खुर्ची मागं सरकवली, मान तिरकी केली, डावा डोळा मिटला, आणि म्हणाले, रेघ वाकून राहिली.

तिथून पुढचे दोन-अडीच महिने त्या वाकड्या रेघेत गेले.

काकांनी आपल्या रीतीनं सुरुवात केली. एका वेळी एकच. आधी तार बदलली, रेघ वाकडीच. व्होल्टेजचा स्टॅबिलायझर लांब ठेवला, वाकडीच. पडद्यावर लोहचुंबकाचा परिणाम होतो म्हणाले, आणि लोखंडी कपाट बैठकीतून आतल्या खोलीत हलवलं. ते हलवायला त्यांच्या कचेरीतले शेखावतजी आले होते. ते काकांच्या हाताखालचे नकाशाकार, भरघोस मिशांचे, अतिशय अदबशीर. काकांना ते तिकडच्या रीतीनं, आदरानं 'हुकुम' म्हणायचे. कपाट हलवून घामाघूम झालेल्या शेखावतजींना काकांनी पडद्यासमोर उभं केलं आणि पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "ये देखिए, यहाँ टेढ़ी है न?"

शेखावतजींनी वाकून, चष्मा पुसून पाहिलं. "जी हुकुम, है तो सही."

राजा पार्कात टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेले हासानंदजी आले. त्यांनाही काकांनी बोट ठेवून तेच विचारलं. हासानंदजी म्हणाले, हल्का-सा है साब. मग मागचं झाकण उघडून त्यांनी काहीतरी पिळलं. काका म्हणाले, अजून आहे. हासानंदजी म्हणाले, है, पर अब कम है. आमचे हेही एका रविवारी जाऊन आले आणि रेघ किंचित वाकडी असल्याचं कबूल करून आले. घरी मी विचारलं, तुम्हाला खरंच दिसली? तर म्हणतात, त्यांना त्यातलं कळतं, मला काय कळतंय, आणि मोठ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं. हे बँकेत कर्ज कसं नाकारत असतील देव जाणे.

वैशाखात काकांना कूलरच्या मोटारीचा संशय आला. झालं, कूलर बंद. जयपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे काय ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. काकू ओला पंचा डोक्यावर घेऊन पोळ्या लाटायच्या, पण मान भिंतीकडंच. टेबल उत्तर-दक्षिण फिरवून झालं. दिल्लीहून उसना मॉनिटर आणवला, तोही तसाच. पडद्याला जोडलेली आतली पाटी बदलली, तरी तसंच. प्रत्येक वेळी काका म्हणायचे, चला, ही गोष्ट नाही, एक कमी झाली. आधी ते हे उत्साहानं म्हणायचे. पुढंपुढं नुसतं म्हणायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला तेव्हाच सांगितली होती, फाटकाशी उभं राहून. म्हणाले, विचित्र आहे, मी पडद्याच्या ज्या कोपऱ्यात पाहतो तिथंच रेघ वाकून राहिली. वर पाहिलं तर वर, खाली पाहिलं तर खाली. मी आपली मान हलवली. मला त्यात काय कळणार? जे दिसलं ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं होतं, त्यांच्याच नेमाप्रमाणं.

साहेब यायचा दिवस जवळ आला. काका म्हणायला लागले, ज्या यंत्राला सरळ रेघ काढता येत नाही ते नकाशा काय काढणार? आणि एका सकाळी त्यांनी कचेरीत सांगून टाकलं, की यंत्र तयार नाही, साहेबांना दाखवू नये.

त्या दिवशी दुपारी मी काकूंकडं कैरीचं पन्हं द्यायला गेले. मुलगी कडेवर झोपलेली. काका पडद्यासमोर बसलेले, हाताची घडी, पडद्यावर ती जाळी. जमिनीवर ताट वाढून ठेवलेलं, वरणावर साय धरलेली. काकूंनी मला डोळ्यांनी ताट दाखवलं. सकाळपासून अन्नाला शिवले नव्हते. काकूंना टेबलाचं भोक एक वेळ चाललं असतं, कूलर बंद चालला, पण वाढलेलं ताट तसंच राहिलेलं त्यांना चालत नसे.

त्या स्वयंपाकघरातून पळी हातात घेऊनच बाहेर आल्या आणि तरातरा जाऊन पडद्यासमोर उभ्या राहिल्या. टेबलाला भोक पडल्यापासून त्या पहिल्यांदा त्या डब्याकडं बघत होत्या.

"काय बिघडलं ह्याचं?" काकूंनी विचारलं.

काका इतके चकित झाले होते की बोट ठेवायचं, दाखवायचं विसरले. सवयीनं म्हणाले, "काय दिसून राहिलं ते सांग."

"रेघा."

"कशा?"

"सरळ. उभ्या आणि आडव्या. चाळणीसारख्या."

"नीट पाहा, विमल."

"नीटच पाहून राहिली मी. सरळ आहेत सगळ्या." काकू पडद्याजवळ गेल्या, मागं आल्या, पुन्हा म्हणाल्या, सरळ. मग त्यांनी पडद्याकडं पाहणं सोडलं आणि काकांकडं पाहिलं. काका मान तिरकी करून, डावा डोळा मिटून बसलेले. "आणि तुम्ही एक डोळा काहून मिटता? दोन्हींनी पाहा ना."

काकांनी डावा डोळा उघडला. थोडा वेळ पाहिलं. मग त्यांनी उजवा डोळा मिटला आणि नुसत्या डाव्यानं पाहिलं. मग डावा मिटला आणि उजव्यानं. पुन्हा एकदा तसंच. अगदी सावकाश, एका वेळी एकच. मग ते उठले, बाहेरच्या दाराशी गेले आणि आमच्या घराची ती चौकट उजव्या डोळ्यानं पाहिली, डाव्यानं पाहिली. मी मुलीला छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होते. मला अजून काहीच कळलं नव्हतं, पण काकूंच्या हातातली पळी खाली आलेली मी पाहिली.

काका परत येऊन खुर्चीत बसले. "मशीन बरी आहे," ते म्हणाले. "माझा डोळा बिघडला."

आणि मग, मला हे अजून आठवतं, ते जमिनीवर बसले आणि ते गार झालेलं वरण-भात जेवले. काकू शेजारी बसून राहिल्या. मी पन्ह्याचं भांडं ओट्यावर ठेवून निघून आले. घरी येऊन मला रडू आलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आहे, साखरेमुळं. काकांना साखर आहे हेसुद्धा तेव्हाच कळलं. दोन-तीन महिने आधी आला असतात तर बरंच काही करता आलं असतं, असंही ते म्हणाले. दिल्लीला नेऊन लेसर किरणांचे उपचार झाले. उजव्या डोळ्याचा मध्यभाग गेला तो गेलाच. डावा वाचला, आणि तो वेळेवर दाखवल्यामुळं वाचला, असं डॉक्टर म्हणाले. उजव्यानं कडेचं दिसायचं, मधलं नाही. काकू मला सांगत होत्या, उजव्यानं पाहिलं तर ह्यांना माणसाचे कान दिसतात, केस दिसतात, चेहरा तेवढा दिसत नाही.

हे सांगताना काकूंचा आवाज स्थिर होता. पण त्यांचा राग कुठं गेला नव्हता. तो राग होता सगळ्या 'हो' म्हणणाऱ्यांवर. शेखावतजी भेटायला आले तेव्हा काकूंनी त्यांना दारातच विचारलं, की तुम्हाला रेघ वाकडी दिसली होती? शेखावतजींची मान खाली गेली. म्हणाले, "हुकुम ने कहा तो हमें भी दिखने लगी थी." मला वाटतं ते खरंच सांगत होते. काकूंना ते पटलं नाही. आमच्या ह्यांच्यावर तर बहिष्कारच पडला. पाटोडीचा रस्सा यायचा, पण एका माणसापुरता, आणि वर निरोप, की तू खा, त्यांना देऊ नको. ह्यांनी तो बहिष्कार निमूटपणे सोसला. त्यांनाही मनातून लागलं होतं.

ह्या सगळ्यात काका एकदाच बोलले. आम्ही दोघं भेटायला गेलो होतो, काकू ह्यांच्याकडं पाठ करून भाजी निवडत होत्या. काका म्हणाले, "ह्यांची चूक नाही, विमल. मीच चुकलो. मी काय विचारलं सगळ्यांना? इथं वाकडी आहे ना, असं विचारलं. बोट ठेवून विचारलं. काय दिसून राहिलं, असं फक्त तुला विचारलं."

काकूंनी भाजी निवडणं थांबवलं नाही. पण निघताना ह्यांच्या हातावर एक चकली ठेवली. ह्यांनी ती रस्त्यातच संपवली.

दिल्लीचे साहेब पुढं हिवाळ्यात आले. त्यांना यंत्र दाखवलं ते काकांनी आणि काकूंनी मिळून. बारीक अक्षरं आणि रेघा बघून काकांचा डावा डोळा लवकर शिणायचा, म्हणून काकू टेबलापाशी बसायला लागल्या होत्या. टेबलाच्या भोकाभोवती त्यांनी सांगानेरी छापाच्या कापडाची एक गोल झालर शिवून लावली होती. इतकं झाल्यावर माफी तर द्यायलाच हवी होती, ती अशी दिली. साहेबांनी पडद्यावर वाळूच्या टेकड्या उमटताना पाहिल्या, चहा घेतला आणि दोनदा 'व्हेरी गुड' म्हणाले. नंतर खात्यानं खरोखरच एक कम्प्युटर घेतला. तो बरेच दिवस कापड पांघरून साहेबांच्या खोलीत होता म्हणे. काकांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. त्यांचं आपलं घरी चालू होतं.

नंतर आमची बदली कोल्हापूरला झाली. ट्रक आदल्या दिवशीच गेला होता. आम्ही निरोप घ्यायला शिरलो तर दोघं टेबलापाशी. काकू पडद्यासमोर, काका बाजूच्या खुर्चीत हाताची घडी घालून.

"काय दिसून राहिलं?" काका विचारत होते.

"तिसरी रेघ शेवटी खाली उतरली."

"किती?"

"तांदळाच्या दाण्याएवढी."

काकांनी एक आकडा बदलला. काकू म्हणाल्या, आता बरी आहे. मग म्हणाल्या, नाही, थांबा, अजून जराशी आहे. काका थांबले. एवढ्या वर्षांत काकांना कुणाच्या सांगण्यावरून असं थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. काकूंची रेघ सरळ होईपर्यंत आम्ही तिघंही, म्हणजे आमची मुलगी धरून, दारातच उभे होतो.

मग काकूंनी माझी ओटी भरली, मुलीच्या हातात घेवर दिला आणि ह्यांना दशम्यांचं गाठोडं दिलं, भरपूर. काका फाटकापर्यंत आले. ऑटो उभी होती. ह्यांनी सामान आत ठेवलं, मी मुलीला मांडीवर घेऊन बसले. काका पहिल्या दिवसासारखेच उभे होते. पायजमा, बनियन, मागं बांधलेले हात.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मान तिरकी केली, आणि सवयीनं डावा डोळा मिटला. माझ्या मागं आज कुठली चौकट नव्हती. आता त्यांना माझे केस दिसत असतील, कान दिसत असतील, हे मला माहीत होतं.

काका क्षणभर तसेच थांबले. मग त्यांनी डावा डोळा उघडला, उजवा मिटला, आणि मला नीट पाहून घेतलं.

"पोहोचलात की कळवा," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. ऑटो निघाली. कोपऱ्यावर वळताना मी मागं पाहिलं, तेव्हाही ते तिथंच उभे होते आणि उजवा डोळा मिटलेलाच होता.